ट्रकमधला चार्जर, अडॅप्टर तापतोय: ड्रायव्हर आणि गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ट्रकच्या वायरिंगचं काम करतो. पूर्वी गाड्या यायच्या त्या हेडलाइट, सेल्फ नाहीतर डायनॅमोच्या तक्रारी घेऊन. आता केबिनमध्ये दोन मोबाइल, डॅशकॅम, पंखा, टेप, कधी लॅपटॉपसुद्धा असतो आणि यातलं बरंचसं एका लायटर सॉकेटच्या जिवावर चाललेलं असतं. त्यामुळे "चार्जर तापतो", "सॉकेट वितळलं", "कुठून तरी जळका वास येतो" या तक्रारी सारख्या येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ट्रकची केबिन हे ड्रायव्हरचं घर असतं, रात्री तो तिथेच झोपतो. म्हणून हा विषय मी कधीच हलक्यावर घेत नाही.

चार्जर थोडा तापतोच ना? किती तापला की काळजी करायची?

थोडा तापणारच. १८ वॅटचा फास्ट चार्जर घेतला तर आत येणाऱ्या विजेतली साधारण १५ टक्के उष्णतेत जाते, म्हणजे तीन वॅटच्या आसपास. काडेपेटीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत तीन वॅट कोंडले की ती गरम लागते. त्यात बिघाड नाही.

माझी चाचणी साधी आहे. अर्धा तास मोबाइल चार्जिंगला लावा आणि मग चार्जरचं प्लास्टिकचं अंग हाताने धरा. मनात सावकाश दहा मोजेपर्यंत धरता आलं तर ठीक. तीन-चारच्या पुढे धरवत नसेल तर बाहेरचं तापमान ६० अंशांच्या आसपास किंवा वर गेलंय असं समजा, आणि आतलं त्याहून जास्त आहे. असा चार्जर काढून ठेवा. जळका वास, तपकिरी डाग, मऊ पडलेलं किंवा वाकलेलं प्लास्टिक, यातलं काहीही एकदा जरी दिसलं तरी चाचणी करत बसू नका. तो चार्जर परत लावायचा नाही.

बिघाड चार्जरचा, सॉकेटचा की गाडीचा, हे कसं ओळखायचं?

चटका नेमका कुठे बसतो ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. "चार्जर तापतो" म्हणून लोक नवा चार्जर आणतात, तोही तापतो, मग तिसरा आणतात.

इंजिन बंद करून चार्जर बाहेर काढा आणि लगेच हात जवळ नेऊन अंदाज घ्या. धातूच्या टोकाला एकदम बोट लावू नका, ते प्लास्टिकपेक्षा जोरात चटका देतं. टोक किंवा बाजूच्या पत्र्या जास्त गरम असतील तर दोष सॉकेटच्या पकडीचा आहे, चार्जर बिचारा ठीक असू शकतो. टोक साधारण आणि मधलं अंग खूप गरम असेल तर आतलं सर्किट कमकुवत आहे किंवा गाडीचा व्होल्टेज त्याला झेपत नाही. चार्जर ठीक पण केबलची मोबाइलकडची पिन गरम, तर केबल गेली. सगळं गार आणि मोबाइलच तापतोय, तर तो वेगळा विषय आहे, पुढे लिहिलाय. आणि डॅशबोर्डच्या मागे सॉकेटकडे जाणारी वायर गरम लागत असेल, तर त्याच दिवशी गाडी वायरमनकडे न्या.

हाच चार्जर मेव्हण्याच्या कारमध्ये दोन वर्षं चालला. माझ्या ट्रकमध्ये आठ दिवसांत जळला. असं का?

कारला १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट. ट्रकच्या बॅटरीपेटीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. शिवाय इंजिन चालू असताना २४ हा आकडा २४ राहत नाही. डायनॅमो चार्ज करत असताना मीटरवर साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट दिसतात. कारमध्ये हाच आकडा चौदाच्या आसपास असतो.

आता स्वस्त चार्जरच्या आत काय असतं ते सांगतो. मी असे बरेच उघडून पाहिलेत. एक लहान चिप, एक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि आत येणाऱ्या बाजूला एक कपॅसिटर, म्हणजे ती उभी नळकांडी. त्या नळकांड्यावर बारीक अक्षरात व्होल्टेज लिहिलेला असतो. २५ लिहिलं असेल आणि गाडी २८ देत असेल, तर तो कपॅसिटर पहिल्या दिवसापासून मर्यादेबाहेर चाललाय. आधी तापतो, मग त्याचं डोकं फुगतं, मग आतलं द्रव्य झिरपतं आणि चार्जर जातो. १६ लिहिलेलं असेल तर आठ दिवससुद्धा जास्त झाले. ट्रकच्या चार्जरमध्ये ३५ किंवा त्याहून चांगला म्हणजे ५० व्होल्टचा कपॅसिटर हवा.

चिपचंही तेच. जुन्या स्वस्त चार्जरमध्ये एमसी३४०६३ नावाची चिप सर्रास सापडते. तिची कमाल मर्यादा ४० व्होल्ट. २८ व्होल्टला ती चालते, पण २८ वरून ५ वर आणताना तिचं बरंच बळ वाया जातं आणि ती तापते. त्यात गाडीच्या लाइनमध्ये अधूनमधून झटके येतात. चार्जिंग चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं तर डायनॅमोचा व्होल्टेज एकदम उसळतो. या उसळीला लोड डम्प म्हणतात. २४ व्होल्टच्या गाडीत ती आवरणारं काही नसेल तर क्षणभर दीडशे व्होल्टच्याही वर जाऊ शकते. खड्ड्याखड्ड्यात हलणाऱ्या गाडीचं टर्मिनल सैल असेल तर चार्जर का मरतात, हे यावरून लक्षात येईल. म्हणून चार्जर वारंवार जळत असतील तर आधी बॅटरीचे टर्मिनल आवळा.

माझी गाडी १२ व्होल्टची की २४ ची?

बॅटरीपेटी उघडा. एकच बॅटरी असेल तर १२. दोन असतील आणि एकीच्या प्लसवरून दुसरीच्या मायनसवर जाडजूड वायर गेली असेल तर २४. छोटा हत्ती, पिकअप अशा लहान गाड्या १२ च्या, सहा चाकी, दहा चाकी आणि त्यावरच्या गाड्या साधारणपणे २४ च्या. शंका असेल तर मल्टीमीटर लावून बघा, अंदाजावर जाऊ नका.

सॉकेट वितळून चार्जर आतच चिकटला. नवीन सॉकेट बसवलं की झालं का?

झालं, पण काही दिवसांपुरतंच. ते का वितळलं हे कळायला हवं, नाहीतर नवंही तसंच जाईल.

हे सॉकेट मुळात विडी-सिगारेट पेटवण्यासाठी बनलं. लायटर आत दाबायचा, दहा-पंधरा सेकंदांत तार लाल व्हायची, काढून घ्यायचा. पंधरा सेकंदांच्या कामासाठी बनलेल्या जागेतून आपण पंधरा-पंधरा तास वीज घेतो. आतली रचनाही तशीच तकलादू. मध्ये प्लसची टिकली, तिच्यावर चार्जरचं टोक आतल्या एवढ्याशा स्प्रिंगने टेकून राहतं. बाजूच्या पत्र्या मायनसला टेकतात. वर स्क्रू नाही, लॉक नाही. गाडी हलली की चार्जर स्वतःच्याच स्प्रिंगच्या जोराने थोडा थोडा बाहेर सरकतो.

पकड सैल झाली की तिथे थोडा अडथळा येतो, ज्याला आपण रेझिस्टन्स म्हणतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. समजा सैल पकडीचा रेझिस्टन्स फक्त ०.१५ ओहम आहे आणि तुम्ही १२ अँपिअर ओढताय. हिशेब करा: १२ गुणिले १२ गुणिले ०.१५, जवळपास २२ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या सॉकेटच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे. प्लास्टिक वितळणार नाही तर काय होईल?

आणि हे थांबत नाही, वाढत जातं. तापल्यावर स्प्रिंगचा ताण जातो, ती मऊ पडते. पकड आणखी सैल होते, टिकलीवर काळा थर धरतो, त्याने रेझिस्टन्स वाढतो, उष्णता आणखी वाढते. बऱ्याच चार्जरच्या टोकात काचेचा फ्यूज असतो आणि पुढची टोपी आट्यांची असते. ती टोपी फिरून ढिली झालेली मी कितीदा तरी पाहिली आहे. हाताने आवळली की तापणं बंद. फक्त एवढंच करून बघायला हरकत नाही, पण आधी चार्जर बाहेर काढून.

नवं सॉकेट बसवताना जुन्याच्या मागचे क्लिपही बदला. ते तापून निळसर-काळे पडलेले असतात. वायरचं टोक जळून कडक झालेलं असेल तर तेवढा तुकडा कापून, चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे जाऊन नवा क्लिप दाबून घ्या. नुसतं पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी.

२४ व्होल्टच्या गाडीत करंट निम्मा लागतो म्हणतात. मग ती सुरक्षित नाही का?

पकडीच्या बाबतीत हो. तेवढ्याच वॅटला २४ व्होल्टवर करंट निम्मा, म्हणून सॉकेटमधली उष्णता चौथाई. पण चार्जरच्या आतलं काम अवघड होतं, कारण त्याला जास्त उंचीवरून व्होल्टेज खाली आणायचा असतो. माझा अनुभव असा की पिकअपमध्ये सॉकेट जळतं आणि मोठ्या ट्रकमध्ये चार्जर जळतो. तुमची गाडी कोणती आहे त्यावरून आधी कुठे बघायचं ते ठरवा.

एका सॉकेटला तीन तोंडांचा स्प्लिटर लावला तर चालेल?

दोन मोबाइल आणि एक डॅशकॅम एवढ्याला चालेल. त्यावर पंखा, हवेचा पंप, किटली असलं काही लावू नका. तोंडं तीन झाली तरी मागची वायर आणि फ्यूज एकच आहे. स्प्लिटरची स्वतःची वायरही बहुतेक वेळा शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक असते.

देवाच्या फोटोभोवतीची लाइटची माळही त्याच सॉकेटवर असते आणि रात्रंदिवस चालू असते. तिला फ्यूज लावलेली वेगळी बारीक लाइन काढून द्या. खर्च फार नाही.

फ्यूज सारखा उडतो. १० च्या जागी ३० चा घातला तर?

नाही. यात मधला मार्ग नाही.

फ्यूज चार्जर वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. सॉकेटला गेलेली वायर जेवढा करंट न तापता वाहू शकते, त्यावरून कंपनीने १० किंवा १५ चा फ्यूज ठरवलेला असतो. समजा ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर आहे आणि पुढे शॉर्ट झाला. १० चा फ्यूज लगेच उडेल. ३० चा टिकून राहिला तर वायरच्या प्रत्येक मीटरमध्ये तीस वॅटच्या वर उष्णता तयार होते, आणि ती वायर डॅशबोर्डमागे बाकीच्या वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते. तिचं आवरण वितळून शेजारच्या वायरला चिकटतं. मग हेडलाइट, वायपर, इंडिकेटर सगळ्यांचं एकत्र शॉर्ट.

त्याहून वाईट म्हणजे फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळणं किंवा तारेचा तुकडा अडकवणं. अशी एक गाडी माझ्याकडे टोचन करून आली होती. फ्यूजच्या जागी पुडीचा चंदेरी कागद होता, आणि डॅशबोर्ड खोलला तर वायरींचं जुडगं गुळाच्या ढेपेसारखं एकजीव झालेलं. ड्रायव्हर त्या वेळी चहाला खाली उतरला होता. मागच्या बर्थवर किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, झोपलेला होता, त्याला वासाने जाग आली म्हणून तो वाचला. वयाने तो माझ्या मुलाएवढा होता. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीचा फ्यूजबॉक्स उघडून बघतो, काम कुठलंही असो.

पात्यांच्या फ्यूजचे रंग पाठ करून ठेवा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो रंग होता तोच घालायचा, आणि दोन-दोन जादा गाडीत ठेवायचे. तोच फ्यूज पुन्हा उडाला तर सगळं काढून रिकाम्या सॉकेटला नवा फ्यूज लावून बघा. रिकाम्यालाही उडतोय तर दोष वायरीत किंवा सॉकेटमध्ये आहे. कधीकधी नुसतं पडलेलं नाणं किंवा पिनही सापडते.

दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून टेप आणि चार्जर चालवतो. सगळेच करतात. यात वाईट काय?

सगळे करतात हे खरं, आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या लवकर जातात हेही खरं.

बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे डायनॅमोचा चार्जिंग करंट दोघींतून सारखाच जातो. पण खर्च मात्र एकीचाच होतोय. पाच अँपिअरचा लोड दहा तास चालला की खालच्या, म्हणजे जिच्यावरून १२ काढलेत त्या बॅटरीतून ५० अँपिअर-तास गेले, वरचीतून शून्य. आता चार्जिंगला बसल्यावर वरची आधीच भरलेली, ती उकळते, पाणी उडतं. खालची अर्धपोटी राहते आणि आतल्या प्लेटवर पांढरं सल्फेट धरतं. काही महिन्यांत एक कोरडी पडते, दुसरी बसते. मालक म्हणतो बॅटरी खराब निघाली. बॅटरी खराब नव्हती.

यावर उपाय म्हणजे २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर. चार्जर, टेप, कॅमेऱ्याला १० अँपिअरचा पुरतो. तो अॅल्युमिनियमच्या पंखांच्या डब्यात येतो, कारण ती उष्णता बाहेर जायला हवी. म्हणून तो पत्र्यावर स्क्रूने बसवा, पंख उभे राहतील असा, आणि हवा लागेल अशा जागी. गादीखाली, सीटमागच्या कपड्यांच्या ढिगात किंवा इंजिनच्या टपावर ठेवू नका. बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज हवा. कन्व्हर्टरजवळ फ्यूज लावून उपयोग नाही. मधली वायर चेसिसला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवायला कोणी नसतं.

लॅपटॉप चालवायला इन्व्हर्टर घेतला. लॅपटॉपचा अडॅप्टर घरी तापत नाही तेवढा गाडीत तापतो.

दोन कारणं. एक, स्वस्त इन्व्हर्टर घरच्यासारखी गोल लाट देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात. बऱ्याच अडॅप्टरना ती सोसते, पण ते जास्त तापतात, आणि काही गुणगुणतात. दुसरं, वीज उगाच लांबच्या वाटेने जाते. २४ व्होल्टचे २३० करायचे आणि मग २३० चे पुन्हा १९ करायचे. दोन्ही टप्प्यांवर पंधरा-पंधरा टक्के गेले तर हातात ७२ टक्केच राहतात, बाकी केबिनमध्ये उष्णता.

त्यापेक्षा लॅपटॉपला थेट चालणारा १२–२४ व्होल्टचा गाडीचा चार्जर घ्या. नव्या लॅपटॉपला टाइप-सीवरून चार्ज होण्याची सोय असेल तर ६५ वॅटचा पीडी, म्हणजे टाइप-सीचा फास्ट चार्जर, २४ व्होल्टवर अडीच-तीन अँपिअरच ओढतो. पिकअपमध्ये मात्र तो पाच-साडेपाच ओढेल, तेव्हा सॉकेटची पकड आधी तपासा.

इन्व्हर्टर लागणारच असेल तर तो लायटर सॉकेटला कधीही लावू नका. ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२ व्होल्टच्या गाडीत २८ अँपिअरच्या आसपास घेतो, २४ च्या गाडीत चौदा. त्याला बॅटरीवरून जाड वायर आणि वेगळा फ्यूज द्या.

चार्जर गार आहे, पण मोबाइलच तापतो आणि चार्जिंग थांबतं.

मोबाइल काचेला लावलेला, ऊन थेट त्यावर, नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, त्यात फास्ट चार्जिंग. एवढं सगळं एकावेळी त्याला झेपत नाही. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा साधारण नियम आहे आणि फोन स्वतःच तो पाळतो, म्हणून चार्जिंग थांबतं. तो बिघाड नाही, बचाव आहे.

होल्डर काचेवरून काढून एसीच्या किंवा हवेच्या जाळीसमोर लावा. दिवसा नकाशा चालू असताना साधा चार्जर वापरा, फास्ट चार्जिंग रात्रीसाठी ठेवा. जाड कव्हर काढा. तापलेला फोन बर्फाच्या डब्यात मात्र ठेवू नका, आत ओल धरते.

उन्हाळ्यात गाडी दिवसभर लोडिंगला उभी असते. चार्जर तसाच राहिला तर?

काढून ठेवा, आणि सावलीत, कप्प्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, नागपूर, अकोला पट्ट्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो. बंद केबिनमध्ये काचेखालचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. सकाळी कोमट लागणारा चार्जर दुपारी हात लावू देत नाही तो या उन्हामुळेच, बिघाडाशिवायही. चार्जरवर गमछा, नॅपकिन, कागद टाकू नका.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. जुन्या गाड्यांना तो नियम नाही, आणि रस्त्यावर जुन्याच गाड्या जास्त आहेत. त्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला उन्हाचा त्रास चार्जरपेक्षा कितीतरी जास्त होतो, हे मालकांनी लक्षात घ्यावं.

पावसाळ्यात चार्जिंग मधूनच थांबतं, पिन गरम होते.

कोकणातल्या आणि बंदराला जाणाऱ्या गाड्यांमध्ये हे फार दिसतं. दमट, खारी हवा आणि ओले हात. मोबाइलच्या पोर्टमध्ये आणि सॉकेटच्या टिकलीवर हिरवट थर येतो. फ्यूज काढून सॉकेट कोरड्या कापडाने पुसा, थर असेल तर बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून हलकेच फिरवा. फ्यूज न काढता आत स्क्रूड्रायव्हर घातलात तर ठिणगी नक्की.

त्याच वेळी अर्थिंगचा बोल्टही बघा. डॅशबोर्डची मायनस वायर जिथे बॉडीला आवळलेली असते तिथे गंज धरला की सगळीच पकड कमकुवत होते. पत्रा घासून उजळ करा, आवळा, वर ग्रीस लावा.

सेल्फ मारताना चार्जर काढायला हवा का?

हो. आणि दुसऱ्या गाडीवरून जंप लावताना तर नक्कीच.

डॅशकॅम आणि ट्रॅकरसाठी वायर कुठून घेऊ?

फ्यूजबॉक्समधून, योग्य फ्यूज लावून. ट्रॅकरच्या वायरीतून चार्जरला फाटा काढू नका. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना लोकेशन ट्रॅकर नियमाने लागतो आणि तो बंद पडला तर जबाबदारी तुमच्यावर येते. डॅशकॅम रात्रभर पार्किंगमध्ये चालवायचा असेल तर व्होल्टेज खाली गेला की आपोआप बंद होणारी किट घ्या, नाहीतर सकाळी सेल्फ लागणार नाही.

पेट्रोल-डिझेलच्या टँकरमध्ये हेच सगळं चालतं का?

नाही. टँकरची वायरिंग पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे वेगळी असते आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिथे स्वतःच्या मनाने नवी लाइन, नवं सॉकेट, इन्व्हर्टर काहीही बसवू नका. डेपोत आणि भरताना-उतरवताना चार्जिंग पूर्ण बंद. पॉवर बँकही नाही.

नवीन चार्जर घेताना काय बघू?

इनपुटच्या ओळीत १२–२४ व्होल्ट लिहिलेलं हवं, आणि ३० किंवा ३२ पर्यंत लिहिलं असेल तर अधिक चांगलं. नुसतं १२ लिहिलंय तो ट्रकमध्ये नको. दोन पोर्टवर ३.१ अँपिअर लिहिलं असेल तर बहुतेक तो दोन्हींचा मिळून आकडा असतो, प्रत्येकाचा नाही. बाजूच्या पत्र्या बोटाने दाबून बघा, त्या परत बाहेर आल्या पाहिजेत. पुढची टिकली टणक हवी. सॉकेटमध्ये घातल्यावर हलवून बघा, डुगडुगत असेल तर दुसरा मागा. ढाब्यावरच्या टोपलीतला शंभर-दीडशेचा चार्जर घेऊ नका. हजारो किलोमीटर त्याच्या शेजारी बसायचं आहे.

पॉवर बँक आणि घरच्या प्लगचा अडॅप्टर घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर अॅपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो.

पॉवर बँक फुगलीय, पण चालते. वापरू का?

नको. दाबू नका, भोक पाडू नका, केबिनमध्ये झोपताना जवळ ठेवू नका. बाहेर काढून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

चालत्या गाडीत डॅशबोर्डमधून धूर यायला लागला तर?

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद. मागे झोपलेल्याला आधी उठवून खाली उतरवा. चार्जर ओढून काढायच्या मागे लागू नका, वितळलेलं प्लास्टिक हाताला चिकटतं आणि कातडीसकट निघतं. कट-ऑफ नसेल आणि बॅटरीपेटीपाशी सुरक्षित जाता येत असेल तरच मायनसचं टर्मिनल सोडा. त्यासाठी दहा नंबरचा किंवा तुमच्या टर्मिनलला बसणारा पाना पेटीतच बांधून ठेवा. आग लहान असेल तर आग विझवायच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरचा फवारा आगीच्या तळाशी मारा. मोठी झाली तर लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तेल, काही लावू नका.

वायरमनकडे गेलो तर नेमकं काय तपासायला सांगू?

"चार्जर तापतो" एवढंच सांगू नका, टोक तापतं की अंग ते सांगा. मग त्याला लोड चालू ठेवून दोन ठिकाणी मीटर लावायला सांगा: एकदा बॅटरीवर, एकदा सॉकेटवर. १२ व्होल्टच्या गाडीत दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा आणि २४ च्या गाडीत एका व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला, तर मधे कुठेतरी वीज अडतेय: बारीक वायर, जळका क्लिप नाहीतर गंजलेलं अर्थिंग. ती जागा सापडेपर्यंत तिथून हलू नका. नवी वायर टाकायची असेल तर तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीला दीडपट रेझिस्टन्स देते. ओळखायला सोपी आहे: टोक सोलून ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी अर्धा तास तिथेच इंजिन चालू ठेवून सगळं लावा, आणि स्वतः हात लावून बघा.